उरलेल्या माशांचा इतिहास

घरात हौसेने मासे पाळणाऱ्याला पहिली अडचण येते ती मासे मरण्याची. ती सरली की दुसरी सुरू होते, आणि ती मासे न मरण्याची असते. गप्पी माशांच्या दोन जोड्या काचेच्या टाकीत सोडाव्यात, थोडे शेवाळ, थोडी पाणवनस्पती ठेवावी, महिनाभराने एके सकाळी पाण्याच्या वरच्या थरात पापणीच्या केसाएवढी पिल्ले हलताना दिसावीत आणि घरभर आनंद व्हावा, हे सारे ठरल्याप्रमाणे घडते. पुढच्या महिन्यात पुन्हा पिल्ले. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. नर एव्हाना वेगळे काढून ठेवले असले तरीही पिल्ले होतच राहतात, कारण गप्पीची मादी एकदा मिळालेले शुक्राणू कित्येक महिने शरीरात साठवून ठेवू शकते. चौथ्या महिन्यात लोणच्याच्या बरण्या, जुनी बादली आणि मोरीतले घंगाळ यांत मासे असतात. मग एक दिवस एक पिशवी भरून आपण बाजारातल्या माशांच्या दुकानाकडे निघतो.

आम्हीही असेच निघालो होतो. दुकानदाराने पिशवी उजेडात धरली, रंगीत नर तेवढे बोटाने मोजले, माद्यांकडे दुर्लक्ष केले आणि पैशांऐवजी खाद्याची एक पुडी पुढे केली. त्या पुडीने आम्ही हौशी पाळकाचे विक्रेते झालो. ‘हौसेला मोल नाही’ असे आपल्याकडे म्हणतात. आमच्या हौसेचे मोल त्या दिवशी पन्नास ग्रॅम ठरले.

या क्षुल्लक प्रसंगाची आठवण काढण्याचे कारण असे, की शोभेच्या माशांचा इतिहास सांगताना सहसा दोनच पात्रे रंगमंचावर आणली जातात: एका बाजूला सौंदर्यासक्त रसिक (राजा, मंडारिन, निसर्गाभ्यासक) आणि दुसऱ्या बाजूला नफेखोर व्यापारी. पहिल्याची हौस शुद्ध, दुसऱ्याचा धंदा मलिन. आमच्या मते या दोघांच्या मध्ये तिसरे एक पात्र उभे आहे, आणि इतिहासाला खरी गती त्यानेच दिली आहे. ज्याच्या घरी मासे जास्त झाले, तो माणूस. त्याने विक्री लोभाने सुरू केली नाही; जागा पुरेना म्हणून सुरू केली. उरलेल्या माशांचे काय करायचे, या त्याच्या प्रश्नाला निरनिराळ्या काळांनी निरनिराळी उत्तरे दिली. त्या उत्तरांचा हा धावता आढावा.

आरंभ चीनमध्ये करावा लागतो. दक्षिण सुंग राजवटीचा पहिला सम्राट गाओझोंग (राज्यकाळ ११२७ ते ११६२) याच्या हांगझोऊ येथील उद्यानात सोनेरी माशांची तळी होती. राजाचा छंद तो अमीरांचा छंद होतो आणि अमीरांचा छंद इतरांच्या पोटाचा उद्योग होतो. युए क या लेखकाने १२१४ सालच्या आपल्या टिपणग्रंथात राजधानीतल्या मासे पाळणाऱ्यांची नोंद केली आहे. माशांना सोनेरी करण्याची कला यांना येते, पण कृती विचारली तर ते सांगत नाहीत. काहीजण म्हणतात, शहरातल्या गटारांतले बारीक लाल किडे खाऊ घालून ते हा रंग आणतात, अशा आशयाची ती नोंद आहे.

आजच्या वाचकाला या नोंदीतले दोन तपशील थांबवतात. पहिला, लाल किडे. गटारांतून आणि नाल्यांतून गोळा केलेल्या अशाच किड्यांचे गोळे मुंबईतल्या माशांच्या दुकानांतही विकले गेले आहेत. आठ शतकांत शहरे बदलली, त्यांच्या गटारांचा हा उपयोग बदलला नाही. दुसरा तपशील गुपिताचा. किड्यांनी असलेला रंग खुलू शकतो, पण करड्या माशाचा सोनेरी मासा होत नाही. सोनेरी रंग हा जन्मजात बदल असतो. तेव्हा त्या पाळकांना ठाऊक असलेली खरी गोष्ट निराळीच असावी, असा आमचा तर्क आहे: लाल मासे लालांबरोबर ठेवायचे आणि करडे वेगळे काढायचे. गटारातल्या किड्यांची गोष्ट त्यांनीच पसरवली असेल, तर धंद्यातले गुपित राखण्याची ती नामी युक्ती म्हटली पाहिजे. लेखकाचे नाव इतिहासाला माहीत आहे. ज्यांनी मासा घडवला त्यांच्यापैकी एकाचेही नाही.

सोळाव्या शतकात मासे तळ्यांतून मातीच्या आणि चिनी मातीच्या भांड्यांत आले. हा बदल वरवर किरकोळ वाटतो, पण त्याचे परिणाम मोठे झाले. तळे श्रीमंताकडेच असणार, भांडे कुणाच्याही अंगणात मावते. तळ्यातला मासा वरून ओझरता दिसतो, भांड्यातला एकेक करून पारखता येतो. झांग चियान्दे या जेमतेम विशीतल्या तरुणाने १५९६ साली सिंदुरी माशांवर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात तो आपली पद्धत सांगतो. उन्हाळ्यात बाजारातून हजारोंनी मासे आणायचे, अनेक भांड्यांत वाटून ठेवायचे, मग हलके हलके हीन मासे काढून टाकत जायचे, शंभरांतून एखाददुसराच ठेवायचा आणि त्यांची निगुतीने जोपासना करायची. निवडीच्या तत्त्वाचे इतके स्वच्छ वर्णन त्या काळात क्वचितच सापडेल. पुढे डार्विनने १८६८ सालच्या पाळीव प्राण्या-वनस्पतींतील बदलांवरच्या ग्रंथात चिनी सोनेरी माशांचा दाखला घेतला, तो अशाच अनाम निवडीच्या परंपरेचा.

झांगच्या ग्रंथातला शंभरावा मासा देखणा आहे यात शंका नाही. उरलेल्या नव्व्याण्णवांचे काय झाले, हे मात्र तो सांगत नाही.

सोनेरी मासा सोळाव्या शतकाच्या आरंभी जपानला पोहोचला असे परंपरा मानते. सतराव्या शतकाच्या अखेरीस एदो शहरात त्याची दुकाने होती, आणि अशाच एका दुकानाने जपानी कथेला एक विलक्षण दृश्य दिले. इहारा सायकाकू या कथाकाराच्या मृत्यूनंतर १६९३ साली प्रसिद्ध झालेल्या संग्रहात ही कथा येते. काही रंगेल मित्र सोनेरी माशांच्या दुकानात मोठमोठ्या किमती ऐकत उभे आहेत. तेवढ्यात एक फाटका माणूस डासांच्या अळ्या घेऊन येतो. माशांचे खाद्य म्हणून त्या विकणे हा त्याचा दिवसभराचा उद्योग. मित्र त्याला ओळखतात. एकेकाळी रंगमहालांत त्यांच्याबरोबर पैसा उधळणारा हाच तो श्रीमंत गडी. जिच्यापायी तो बुडाला तिच्याशीच संसार मांडून आता तो अळ्यांवर जगतो आहे. मित्रांनी देऊ केलेले पैसे तो घेत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाने या कथेत मानी माणसाचे चित्र पाहावे हे योग्यच. आम्हांला तिच्यात हौसेचे अर्थशास्त्रही दिसते. दुकानातल्या एका माशाच्या किमतीत आणि अळ्यांच्या मोबदल्यात जे अंतर आहे, तेवढेच अंतर त्या माणसाच्या पूर्वायुष्यात आणि वर्तमानात आहे. कालपर्यंत तो ज्या बाजूला होता, तिची भूक भागवण्याचे काम आज त्याच्याकडे आले आहे. हौस आणि पोट यांच्यामधली भिंत किती पातळ असते, हे सायकाकूने माशांच्या भांड्यापाशी उभे राहून दाखवले.

तीच भिंत एका अख्ख्या वर्गाने ओलांडली ती यामातो-कोरियामा या गावी. १७२४ साली यानागिसावा योशिसातो हा सरदार काई प्रांतातून तेथे बदलून गेला आणि त्याच्याबरोबर सोनेरी मासेही गेले, असे तेथील परंपरा सांगते. शतकभर आणि वर तो सामुराई घराण्यांचा विरंगुळा होता. नंतर काळ फिरला. १८७१ साली सरंजामी जहागिऱ्या बरखास्त झाल्या, १८७६ साली सामुराईंची वंशपरंपरागत तनख्याची सोय रोख्यांवर संपली आणि तलवार बाळगण्याची मुभाही त्याच वर्षी गेली. ज्यांना फक्त मिरवणे आणि लढणे ठाऊक होते, त्यांच्या हाती काय उरले? कोरियामाच्या शेवटच्या सरदाराने मत्स्यपालनाला उत्तेजन दिले, आणि तलवार उतरवलेल्या हातांनी जाळी उचलली. त्या परिसरात शेतीच्या पाण्यासाठी खोदलेली अनेक तळी होती आणि पिल्लांना लागणारे पाण्यातले सूक्ष्म जीव त्यांत आयते होते. कोरियामा आजही जपानमधले सोनेरी माशांचे मोठे केंद्र आहे.

या सामुराईंना नवशिके विक्रेते म्हणावे लागेल, पण नवशिके पाळक म्हणता येणार नाही. त्यांचे ज्ञान जुने होते, नवी होती ती गरज. रिकामपणी शिकलेली गोष्ट संकटात भाकरी देते, तेव्हा तिला आपण कला म्हणावे की व्यवसाय? पेशवाईच्या अस्तानंतर आपल्याकडच्या किती कारकुनांना, शिलेदारांना असा काही छंद उपयोगी पडला असता, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. असो.

युरोपची कहाणी याच्या नेमकी उलट आहे, आणि म्हणूनच ती येथे घ्यावी लागते. १८४६ साली ॲना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. त्यांच्या पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते पाणी उघड्या खिडकीपाशी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहण्याचे काम घरातल्या मोलकरणीकडे होते. पहिल्या समुद्री मत्स्यालयांपैकी एकाचा हा पंप. त्याचेही नाव कुणी लिहून ठेवलेले नाही. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने मासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई यांचा एकमेकांना सांभाळणारा संसार काचपात्रात कसा टिकतो हे मांडले. फिलिप हेन्री गॉस याच्या १८५३ आणि १८५४ सालच्या पुस्तकांनी मग इंग्लंडला काचेच्या टाकीचे वेड लावले. काचेवरचा कर १८४५ सालीच उठला होता आणि आगगाडी समुद्रकिनाऱ्यापर्यंत जात होती. मध्यमवर्गीय कुटुंबे हातोडी, छिन्नी आणि बरण्या घेऊन खडकाळ किनाऱ्यांवर उतरली.

येथे कुणाच्या घरी काही उरत नव्हते. समुद्रफुले आणि प्रवाळ टाकीत वाढवून त्यांची वीण पुढे नेणे त्या काळी हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. जे मेले त्याच्या जागी किनाऱ्यावरून दुसरे आणले जाई. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फादर अँड सन’ या आत्मकथनात ते किनारे कसे उजाड झाले याचे दुःख मांडले आहे. बापाच्याच पुस्तकांनी ही झुंड किनाऱ्यावर आणली, हे मुलाला ठाऊक होते, आणि ते बापालाही उमगून क्लेश देत होते हे तो लपवत नाही. पिता-पुत्रांतील श्रद्धेच्या संघर्षाचे पुस्तक म्हणून आपण ते वाचतो, शिकवतो. त्यातली ही ओरबाडलेली खडकतळी मात्र वर्गात बहुधा मागे पडतात.

तेव्हा उरलेल्या माशांकडे आता निराळ्या नजरेने पाहता येईल. ज्या हौसेत वीण होते तिला उरलेल्याचा प्रश्न पडतो. ज्या हौसेत वीण होत नाही तिला उणिवेचा, आणि ती उणीव निसर्गाला भरून द्यावी लागते. घरच्या टाकीत पिल्ले काढून शेजाऱ्याला विकणारा मनुष्य त्या शेजाऱ्यापुरता एक ओढा वाचवतो, असे म्हणण्याचा मोह होतो.

तो मोह थोडा आवरला पाहिजे. केरळ आणि कर्नाटकातल्या पश्चिम घाटाच्या नद्यांत लाल-काळ्या पट्ट्यांचा एक देखणा मासा आहे. १८६५ साली फ्रान्सिस डे याने त्याचे वर्णन केले, आणि २०१३ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीला ‘सह्याद्रिया’ असे नाव दिले. परदेशी टाक्यांसाठी नद्यांतून भरमसाट पकडला गेल्याने तो धोक्यात आलेल्या माशांच्या यादीत गेला. त्याची वीण बंदिस्त जागेत होऊ लागणे ही त्या नद्यांच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट. पण ब्राझीलच्या रिओ नेग्रो नदीवरील बार्सेलोस येथे गोष्ट वेगळी आहे. तिथले लोक कार्डिनल टेट्रा नावाचे इवले मासे पूरवनांतून पकडून पोट भरतात, आणि मासे मिळत राहावेत म्हणून वन राखण्यात त्यांचे हित असते. तेच मासे दूरदेशीच्या टाक्यांत स्वस्तात पैदा झाले, तर त्या माणसांना वनाऐवजी दुसरे काहीतरी शोधावे लागेल. एकच नीतिवचन सगळ्या नद्यांना पुरत नाही.

आता गप्पीकडे परत येऊ. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातला आणि त्रिनिदादच्या ओढ्यांतला. विल्हेल्म पीटर्स याने १८५९ साली काराकासहून आलेल्या नमुन्यांवरून त्याला शास्त्रीय नाव दिले. मादीच्या अंगावरच्या जाळीदार नक्षीची त्या नावात नोंद आहे. पण लोकांच्या तोंडी बसले ते दुसरेच नाव. त्रिनिदादचे शाळा-तपासनीस रॉबर्ट जॉन लेचमेअर गपी यांनी हा मासा लंडनला पाठवला. ब्रिटिश म्युझियमच्या अल्बर्ट ग्युंटर याला तो नवाच वाटला आणि १८६६ साली त्याने गपींच्या नावे त्याचे बारसे केले. शास्त्राच्या नियमाने हे नाव रद्द ठरले, कारण पीटर्सचे आधीचे होते. लोकव्यवहाराने ते ठेवले. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची; त्यानंतर नऊ वर्षांनी जन्मलेला हा शब्द आज महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत मराठी म्हणून नांदतो. ‘गप्पा’ आणि ‘गप्पिष्ट’ यांच्या शेजारी तो इतका सहज बसला आहे, की एका शाळा-तपासनिसाचे आडनाव आपण उच्चारतो आहोत याची कुणाला शंकाही येत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी गप्पी जर्मन छांदिष्टांच्या टाक्यांत शिरला. १९२० साली कोपनहेगनमध्ये योहानेस श्मिट याने दाखवून दिले, की गप्पीच्या नरावरचा विशिष्ट ठिपका बापाकडून फक्त मुलग्यांकडे जातो. आनुवंशिकतेतल्या या महत्त्वाच्या निरीक्षणासाठी लागलेला प्राणी म्हणजे हौशी लोकांच्या घरचा मासा होता. १९३३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या मत्स्यालयातील ॲल्विन सील याने खाऱ्या पाण्यातल्या आर्टेमिया या जिवाची नुकती फुटलेली पिल्ले हे माशांच्या पिल्लांचे उत्तम खाद्य असल्याचे मांडले. तिची सुकी अंडी डबीत राहतात आणि मिठाच्या पाण्यात एक-दोन दिवसांत फुटतात. गटारातल्या किड्यांसाठी वणवण करण्याची गरज संपली आणि स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर पैदास शक्य झाली. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या पॉल हानेल याच्यासारख्या छांदिष्टाने निवड करत करत मोठ्या झुळझुळीत शेपटीचे नर काढले. झांग चियान्देची पद्धत साडेतीनशे वर्षांनी पुन्हा तशीच चालत होती.

आपल्याकडे गप्पीची ओळख मात्र शोभेपेक्षा उपयोगाची. तो डासांच्या अळ्या खातो. सायकाकूच्या कथेतला माणूस ज्या अळ्या विकून जगला त्याच या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून ठिकठिकाणी त्याला डासनाशक म्हणून सोडण्यात आले. महाराष्ट्रात आरोग्य खात्याची गप्पी मासे पैदास केंद्रे असतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर विहिरी, हौद, डबकी यांत गप्पी सोडल्याच्या बातम्या येतात. १९५१ साली मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडल्यावर शहरातल्या मुलांनी परदेशी मासे काचेपलीकडे पाहिले. खेड्यातल्या मुलाने पाहिलेला पहिला परदेशी मासा पुष्कळदा गावच्या हौदातला असणार.

आणि येथे आमच्या कहाणीतला राहिलेला भाग सांगणे प्राप्त आहे. दुकानदाराने नर ठेवून घेतले. माद्या आणि पाठीत बाक आलेली काही पिल्ले पिशवीत तशीच होती. ती मारून टाकणे आम्हांला जमले नाही. दयाबुद्धीने आम्ही ती गावाबाहेरच्या ओढ्यात सोडली आणि हलक्या मनाने घरी आलो. २०११ साली एक संशोधन प्रसिद्ध झाले. त्रिनिदादमध्ये नैसर्गिक डबक्यांसारख्या टाक्यांत एकेकटी गाभण मादी सोडून पाहिली, तर बहुतेक ठिकाणी दोन वर्षांनीही तिची वस्ती टिकून होती. ते वाचताना आमच्या डोळ्यांसमोर ती पिशवी आली. आज त्या ओढ्याच्या संथ पाण्यात गप्पी आहेत. ते आमच्या माद्यांचे वंशज की आरोग्य खात्याच्या हौदातून पुरात वाहून आलेले, हे सांगता येणार नाही. पूर्वी काठाशी थव्याने फिरणारे बारीक देशी मासे आता तितके दिसत नाहीत. त्याला सांडपाणीही कारण असेल. गप्पीने डास खरोखर किती आटोक्यात येतात आणि देशी जलचरांचे किती नुकसान होते, याविषयी अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. आमचा वाटा किती, हे कळायला मार्ग नाही. वाटा आहे, एवढे मात्र नाकारता येत नाही.

झांग चियान्देच्या मौनाचा अर्थ आम्हांला त्या ओढ्याकाठी थोडा उमगला. उरलेल्या माशांना तीनच वाटा असतात: दुकान, मरण आणि ओढा. पहिलीत थोडी लाज वाटते, कारण हौसेला मोल लागते. दुसरीत हात थरथरतो. तिसरी वाट सर्वांत कोवळी दिसते, म्हणून नवशिका तीच धरतो, आणि तिचा हिशेब तिसऱ्याच कुणाला चुकवावा लागतो. कोरियामाच्या सामुराईंनी पहिली वाट उघड्या माथ्याने धरली. त्यांच्याइतके धैर्य आम्हांला असते, तर त्या माद्या फुकट का होईना, दुसऱ्या एखाद्या हौशी घरी पोहोचवल्या असत्या किंवा मुळात नर-माद्या वेळीच वेगळ्या ठेवल्या असत्या.

खाद्याची ती पुडी आम्ही बरेच दिवस जपून वापरली. टाकीत तेव्हा तीनच मासे ठेवले होते, तिन्ही नर.